पहिल्या पानाचे कंडक्टर

भाऊराव नगराळे यांनी हे पान हातात घेतलं असतं, तर एव्हाना त्यांचा उजवा हात घंटेच्या दोरीकडे गेला असता. दोरी एकदा ओढली की पुस्तक खाली उतरलं. दोनदा ओढली की गाडी पुढे. माझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून स्वतःबद्दल जास्त न बोलता मी सरळ त्यांच्याकडेच वळते.

आमचं गाव अल्लीपूर, हिंगणघाट तालुक्यात. भाऊराव काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गावातलं वाचनालय चालवायला घेतलं. वाचनालय म्हणजे जुन्या कोंडवाड्याची खोली. पूर्वी दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं पकडून तिथे डांबून ठेवत. गुरं गेली, पुस्तकं आली. पण पावसाळ्यात भिंतींना जुना वास सुटायचा. काका म्हणायचे, "आधीबी इथं वाट चुकलेलेच येत होते, आताबी तेच येतात. फक्त चारा बदलला."

ती घंटाही तिथलीच. खोली साफ करताना कोपऱ्यात सापडलेली, कुठल्यातरी बैलाच्या गळ्यातली. काकांनी ती ओसरीच्या आढ्याला टांगली आणि दोरी स्वतःच्या खुर्चीपर्यंत आणली. खुर्चीत बसल्या बसल्या हात वर गेला की दोरी सापडली पाहिजे. आयुष्यभराची सवय, ती काही पेन्शन घेऊन जात नाही.

काकांचं एक शास्त्र होतं. ते म्हणत, "माणूस गाडीच्या पायरीवर पाय देते, तवाच मले समजते याले कुठं उतराचं. चेहरा पाह्याची गरज नाई. पाय पाह्याचा." समुद्रपूरला जाणारा घाईने चढतो, वर्ध्याला दवाखान्यात जाणारा आधी पिशवी चढवतो मग स्वतः, आणि तिकीट न काढणारा चढल्याबरोबर खिडकीबाहेर बघू लागतो. यात ते कितीदा चुकले याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. एका माणसाला त्यांनी न विचारता हिंगणघाटचं तिकीट दिलं, तो म्हणाला मला अलीकडच्याच फाट्यावर उतरायचंय, तर काका म्हणाले, "आता काढलं तं जाऊन ये."

हेच शास्त्र त्यांनी पुस्तकाला लावलं. पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे पायरी. तिथे त्याचा पाय कसा पडतो त्यावरून ते किती दूर जाणार ते कळतं. पुढचं बघायची गरज नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, लोक भाजीपाला घेऊन परतायच्या वेळेला, काका ओसरीत नवीन आलेलं पुस्तक घेऊन बसत. मोठ्याने वाचायला सुरुवात करत. कोणाला बोलावत नसत, बसा म्हणत नसत. त्यांचा नियमच होता की ऐकणाऱ्याला बसवायचं नाही. "बसवलेला माणूस काईबी ऐकते. उभा माणूस खरा." लोक पिशव्या खांद्यावर घेऊन जाता जाता थांबत. कोणी पिशवी खाली ठेवली की एक मत. कोणी "मंग?" म्हणून विचारलं की पुस्तक पास. घंटा दोनदा वाजायची आणि पुस्तक 'बसलेले' या मांडणीवर जायचं. पिशव्या खांद्यावरच राहिल्या, लोक पुढे सरकले, की घंटा एकदाच, आणि पुस्तक 'उतरलेले' या मांडणीवर. उतरलेलं पुस्तक कोणी न्यायचं नाही असा नियम नव्हता. पण जे पुस्तक साऱ्या गावासमोर उतरलं, ते काखेत घेऊन गावातून जायला कोण तयार होणार?

प्रस्तावना ते वाचतच नसत. "हे स्टँडवरचं अनाउन्समेंट हाये. गाडी लागलीच नाई अजून." अर्पणपत्रिका आली की म्हणत, "हे निरोप द्याले आलेले लोकं." मग खरं पहिलं पान. त्यात सूर्य उगवला की त्यांचा आवाज कोरडा पडायचा. "उगवला. रोज उगवते. पुढं?" कोणी लेखकाने सुरुवातीलाच आपली विद्वत्ता काढली तर काका पुस्तकाकडे चष्म्यावरून बघत, फुकट्या पॅसेंजरकडे बघावं तसं.

हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. नववीत असताना आईची कंबर धरली, कापूस वेचणं बंद झालं आणि मी शाळा सोडून शिलाई मशीनवर बसले. आमची मशीन वाचनालयाला लागून असलेल्या टपरीवजा खोलीत होती. मध्ये एक खिडकी, तिला गज होते, दार नव्हतं. मी ब्लाऊज शिवायची, पिको करायची, आणि पलीकडे पुस्तकं चढत-उतरत असायची. वाचनालयात पाय ठेवायची मला भीती वाटायची. वाटायचं, कोणीतरी विचारेल, कितवी झाली.

एक दिवस काका खिडकीशी आले. म्हणाले, "सुजाते, तुले पुस्तक कोनतं देऊ?"

मी म्हटलं, "मी कुठं वाचते काका. मी तं नववीतूनच..."

"मी तुले शाळा कुठं विचारली? तू वाचत नाई म्हन्तं, पन तुही मशीन वाचते. मी रोज ऐकून राह्यलो. पुस्तक चांगलं असलं की थांबते, भंगार असलं की धावते. इथं ओसरीतले लोकं लाजेकाजेनं पिशव्या खाली ठेवतात. मशीनले लाज नसते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी ऐकते. आणि ऐकताना माझा पाय पायडलवरून उचलला जातो. त्यांनी गजांतून एक पुस्तक सरकवलं, पैसे नाहीत, सही नाही. "फाटलं तं तूच शिवजो," एवढंच म्हणाले. मी त्यानंतर बरीच पुस्तकं वाचली, पण ते वेगळं. आज मी तिरुपूरला कापडाच्या कारखान्यात लाईनवर सुपरवायझर आहे, आणि इथे मराठीत कोणी बोलत नाही म्हणून लिहायची सवय लागली. एवढं सगळं त्या गजांतून आत आलं. तेवढं म्हणून पुढे जाते, नाहीतर काका म्हणतील, आभाराचं शेवटी घ्या.

तर माझी मशीन हा त्यांचा नवा पुरावा झाला. ओसरीत वाचताना त्यांचा एक कान माझ्याकडे असे. त्याच्यातूनच ती थर्मासची भानगड झाली.

कोणीतरी एक जाडजूड प्रवासवर्णन वाचनालयाला दिलं होतं. एका रिटायर्ड इंजिनीअरने परदेश हिंडून लिहिलेलं. पहिल्या पानावर तो माणूस बॅग भरतो. नेलकटर, सुईदोरा, लोणच्याची बाटली, दोन बनियन, त्यांचा रंग, मग थर्मास. काका वाचत होते, लोक पिशव्या घेऊन निघाले होते, काकांचा हात दोरीवर होता. आणि 'थर्मास' या शब्दाला माझी मशीन थांबली.

बॉबिनमधला दोरा संपला होता.

मी बॉबिन भरायला घेतली आणि ओसरीत सगळं शांत झालं. काकांनी तो शब्द पुन्हा वाचला. "थर्मास." मग चक्कीवाल्या पुंडलिकभाऊला म्हणाले, "पोरगी थर्मासवर थांबली. थर्मासमंदी काई तरी हाये."

"चहा असन," पुंडलिकभाऊ म्हणाला.

"चहा असता तं ते थांबली असती काय?"

घंटा दोनदा वाजली. मी लगेच खिडकीशी जाऊन सांगणार होते, खरंच सांगणार होते, पण तोवर पुंडलिकभाऊ पुस्तक घेऊन गेलाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना सांगितलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, "कोनाले सांगू नको. गाडी सुटली आता. रिव्हर्समंदी टाकली तं लोकं घाबरतात."

त्यानंतर ते पुस्तक घरोघर फिरलं. बाया, म्हातारे, कॉलेजात जाणारी पोरं, सगळे त्या थर्मासमध्ये काय आहे ते शोधत होते. बसस्टँडवर लोक एकमेकांना विचारत, "उघडला का?" "नाई अजून. विमानतळावर हाये." कोणी म्हणालं त्यात कोणाच्या तरी अस्थी असतील. कोणी म्हणालं सोनं. शेवटपर्यंत थर्मास उघडला नाही. तो माणूस थर्मास एका हॉटेलात विसरला आणि पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. गाव आठवडाभर त्या इंजिनीअरवर चिडून होतं.

पण पुंडलिकभाऊ पुस्तक परत देताना म्हणाला, "भाऊराव, खोटं नाई सांगत, निम्म्याच्या पुढं बरं हाये. तो एका गावात हरपते, भाषा येत नाई, अन् रस्त्यात बसून बायकोले शिव्या देते का तिनं लोणचं काऊन देलं, पोळ्या काऊन नाई देल्या. मी चक्की बंद करून वाचलं."

काकांना ते पटलं नाही. "निम्म्याच्या पुढं बरं म्हन्जे काय? जाचं हिंगणघाटले, अन् मजा वर्ध्याच्या पुढं सुरू होते. तिकीट कायचं काढलं मंग?"

इंदूकाकू हे ऐकून हसल्या. इंदूकाकू म्हणजे त्यांची बायको, अंगणवाडीत होत्या. त्यांची वाचायची तऱ्हा काकांच्या बरोबर उलटी. त्या पुस्तक शेवटून उघडत. आधी शेवटचं प्रकरण, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत त्या पुढल्या दाराशी येत. का, तर म्हणे, "अंगणवाडीत पोट्टे रडत रडत येत होते. घरून काय झालं ते शेवटीच समजे. मले मागून मागूनच समजाची सवय लागली." काका याला बेशिस्त म्हणत. "मागच्या दारानं चढाचं नाई" असं त्यांना घरातसुद्धा दिवसातून एकदा सांगत. काकू म्हणत, "तुमच्यासारखं पुढल्या दाराशी उभं राहून मी कोनाले हाकलत तं नाई."

आणि काकूंजवळ एक हुकमी पान होतं. काकांचं शास्त्र फार वर गेलं की त्या ते टाकत. लग्नाच्या आधी, नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या काकांच्याच गाडीत चढल्या होत्या. अंगाने लहानखुऱ्या, दोन वेण्या. काकांनी पायरीवरचा पाय पाहिला आणि हाफ तिकीट फाडून हातात दिलं.

"मी अंगणवाडीची बाई, अन् यायनं मले अंगणवाडीतच बसवलं," काकू सांगायच्या. "मी म्हटलं, पूर्ण द्या. तं म्हन्तात, बाई खोटं कायले बोलतं, हाफमंदी जाऊन राह्यली तं जा."

"पाय लहान होता," काका पुटपुटत.

एवढ्यावर सगळं ठीक चाललं होतं. मग ग्रामपंचायतीने ठरवलं की कोंडवाडा पाडायचा. भिंत एका बाजूने फुगली होती, कोणाच्या अंगावर पडली तर कोण निस्तरणार. त्यात चूक कोणाची नव्हती. पण दुसरी जागा गावात नव्हती. विहाराची खोली लहान, शाळेची खोली शाळेला पुरेना. पुस्तकं पोत्यात भरून कोणाच्या तरी माळ्यावर ठेवायची, म्हणजे मग उंदीरच वाचणार. काका तेव्हा बोलायचे कमी झाले. ओसरीत बसून नुसते मांडण्यांकडे बघायचे. मला ती खोली जाईल या विचाराने झोप लागत नसे. माझी टपरी हलवता येत होती; पण भिंतीपलीकडे काही नसलं तर टपरी कुठेही असली काय.

तेव्हा मदनशेठ आले. त्यांचं स्टँडजवळ बी-बियाणं आणि खताचं कृषी केंद्र. माणूस मायाळू, बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायची सवय. त्यांच्याजवळ दुकानाच्या बाजूची एक पक्की खोली रिकामी होती, पुढे ओसरीसकट. ती ते वाचनालयाला द्यायला तयार होते, भाडं नको. फक्त एक इच्छा. त्यांनी आपल्या आजोबांवर, बापूजींवर, पुस्तक लिहिलं होतं, छापून आलं होतं, आणि त्याचं पहिलं वाचन काकांच्या ओसरीत व्हावं. गावाच्या पद्धतीने. घंटेसकट.

"भाऊराव, हॉल घेऊन फंक्शन करता येते मले," ते काकांचा हात धरून म्हणाले. "पन लोकं म्हनतीन, शेठ हाये म्हणून टाळ्या वाजवल्या. तुमच्या इथं कोनी फुकट पिशवी खाली ठेवत नाई. मले तेच पाह्यजे."

हे ऐकून काका काय म्हणणार? हो म्हणाले. शेठ गेल्यावर पुस्तक उघडलं आणि पहिलं पान वाचलं. मी खिडकीतून त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं.

पहिल्या पानावर सूर्य होता. राजस्थानच्या पवित्र भूमीवर तो उगवत होता. त्याखाली एक वंश, त्याच्या शाखा, शाखांच्या उपशाखा, कोण कोणाला दत्तक गेलं. मग त्या भूमीचा भूगोल.

"काका, घंटा नका वाजवू," मी म्हटलं. "नुसतं वाचा. लोकायले मी सांगते पिशव्या खाली ठेवाले. पुंडलिकभाऊले तं मी..."

"तो माणूस खरं मागाले आला, अन् मी त्याले खोटं देऊ?"

"खोली जाईल नं."

"जाईल," काका म्हणाले, आणि पुस्तक काकूंच्या हातात दिलं. "तू पाह्य. तुह्या मागच्या दारानं काई दिसते काय." मला वाटतं ते त्यांनी चिडून दिलं होतं.

बाजाराचा दिवस आला. मदनशेठ पांढरा कुर्ता घालून ओसरीसमोर खुर्चीत बसले. ते वाचनालयाच्या इतिहासातले पहिले बसवलेले श्रोते. काकांनी लेखक म्हणून सूट दिली होती. लोक नेहमीपेक्षा जास्त जमले, कारण खोलीची गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. पुंडलिकभाऊ पिठाचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. काकांनी घसा साफ केला आणि सूर्य उगवला.

मी मशीनवर बसले होते. कोणाचा तरी परकर होता हातात. वंशाची पहिली शाखा झाली, दुसरी झाली. लोक डोळे खाली घालून उभे होते. शेठजी प्रत्येक नावाला मान डोलवत होते, आणि पिशव्या खांद्यावरच होत्या. एक बाई हळूच मागे सरकली. मला राहवलं नाही. मी पायडलवरून पाय काढला. मशीन थांबली.

काका वाचायचे थांबले. खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून नाही, सरळ.

"सुजाते," ते म्हणाले, "चालू दे."

मी पुन्हा पाय ठेवला. मशीन घरघरू लागली, आणि तो आवाज मला तेव्हा इतका मोठा वाटला की स्टँडपर्यंत जात असेल. काकांनी पान संपवलं. कोणी काही विचारलं नाही. त्यांचा हात वर गेला आणि दोरीवर स्थिरावला. शेठजींनी मान खाली घातली. कुर्त्याची कड तेवढी सारखी करत राहिले.

"एक्केचाळीस काढा," पायरीवरून आवाज आला. इंदूकाकू तिथे पाय लांब करून बसल्या होत्या.

"असं नसते, इंदू. पहिलं पान म्हन्जे पहिलं पान."

"मी मागून आली. एक्केचाळीसपाशी उतरली. त्याच्या अलीकडं रस्ताच नाई. काढा म्हन्ते नं."

"नियम हाये..."

"नियमानं मले हाफ तिकीट देलतं तुमी. काढा."

लोक हसले. काकांनी एक हात दोरीवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं, अंगठ्याने पानं सरकवली, आणि वाचू लागले.

बापूजींनी अल्लीपुरात दुकान उघडलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही गिऱ्हाईक चढलं नाही. लोक समोरून जात, आत बघत आणि पुढे जात. नवा माणूस, परकी पगडी, नवं दुकान. दिवे लागायच्या आधी बापूजींनी आपल्या बायकोला सांगितलं, तू मागच्या दाराने बाहेर जा, घुंगट घे, आणि समोरून गिऱ्हाईक होऊन ये. ती आली. तिने गूळ मागितला. बापूजींनी भाव सांगितला. बायकोने तोंडात बोट घातलं आणि ती म्हणाली, एवढा महाग? तुमच्या घरचे तरी या भावाने घेतील का?

काका श्वास घ्यायला थांबले.

"मंग?" पुंडलिकभाऊ म्हणाला. पोतं केव्हा खाली आलं होतं कोणास ठाऊक. त्याच्या पायाशी पिठाचा ढीग झाला होता. "गावच्या बायांनी वळखलं नाई तिले?"

काकांनी पुढचं वाचायला तोंड उघडलं, पण मदनशेठ खुर्चीतून उठले होते. "वळखलं नं," ते म्हणाले. "तिच्या पायातल्या कड्यांनी वळखलं. राजस्थानी कडे, गावात कोनाच्या पायात नव्हते. समोरच्या ओट्यावरच्या बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. पन मंग त्यायच्यातली एक उठली, आली, अन् माह्या आजीच्या बाजूनं भांडाले लागली. म्हने, खरं हाये बाई, लय महाग लावून राह्यला हा बुवा. दोघी मिळून बापूजींशी भांडल्या. भाव उतरवला. अन् त्या बाईनं गूळ घेतला. तेच पहिलं गिऱ्हाईक."

"कोन होती ते बाई?" कोणीतरी विचारलं.

"ते पुढं हाये," शेठ म्हणाले, आणि मग स्वतःच लाजून खाली बसले.

सगळ्या पिशव्या खाली होत्या. वांगी घरंगळली होती. घंटा दोनदा वाजली, आणि मला तेव्हा लक्षात आलं की माझ्या हातातला परकर जमिनीवर पडलाय. मशीन केव्हा थांबली ते मला सांगता येणार नाही.

लोक पांगल्यावर शेठजींनी काकांचा हात धरला. "भाऊराव, त्या पहिल्या चाळीस पानांचं काय करू? वर्ध्याच्या एका प्राध्यापकांनी सांगतलं होतं, चरित्र म्हन्लं का वंशापासून सुरू कराव लागते."

"राहू द्या स्टँडवर," काका म्हणाले. "तुमची गाडी एक्केचाळीसवरून सुटते. लोकायले तेवढं सांगा."

खोली मिळाली. आणि शेठजींच्या सगळ्या प्रतींत एक्केचाळिसाव्या पानाला मी लाल रिबीन शिवून दिली. ती माझ्या हातून झालेली पहिली मोठी ऑर्डर.

पण काकांचं काहीतरी बिनसलं. नव्या खोलीत सामान हलवताना त्यांनी 'बसलेले' मांडणी आधी पाठवली. 'उतरलेले' जवळ ते तसेच उभे राहिले. एकेक पुस्तक काढून त्याची पाठ बघत, पुन्हा ठेवत. मी पोती शिवत होते. काका म्हणाले, "सुजाते, यायच्यातलं एखादं एक्केचाळीसवर असन तं?"

"असन काका. पन आता काय करता."

"करतो म्हन्जे काय. मी उन्हात उतरवून देले हे लोकं. मधात. जिथं थांबा नाई तिथं."

त्यांनी ते विनोदाने म्हटलं नव्हतं, आणि मला हसू आलं नाही. ते इंजिनीअरचं पुस्तकही तिथे होतं. थर्मासच्या प्रकरणानंतर लोकांनी मागणी करून ते उतरवलं होतं. काकांनी ते स्वतःच्या पिशवीत टाकलं.

इथे तिरुपूरला माझ्या खोलीत झारखंडची एक मुलगी आहे. रात्रपाळी नसली की ती मोबाईल घेऊन पडते आणि अंगठ्याने व्हिडिओ वर ढकलत राहते. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच वर गेला. एकदा मी तिला विचारलं, तू त्याला बोलू तरी का देत नाहीस? ती म्हणाली, दीदी, समझ आ जाता है. मला काकांचं शास्त्रच ऐकल्यासारखं वाटलं. पण काका निदान अख्खं पान वाचत. मोठ्याने. साऱ्या गावासमोर. उतरवायच्या आधी त्याला पुरतं बोलू देत. त्या अंगठ्यापुढे मला ते फार मोठ्या मनाचे वाटतात.

मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला गावी गेले होते. परत निघायच्या दिवशी नव्या वाचनालयासमोरच बसला उभी होते. बाजारची वाचनं अजून होतात. पण घंटा एकदा वाजली तरी पुस्तकाला लगेच उतरवत नाहीत असं पुंडलिकभाऊने सांगितलं. आधी ते काका-काकूंच्या घरी जातं. गावाने त्याला वर्कशॉपला नेणं असं नाव ठेवलंय.

ओसरीत दोघं शेजारी शेजारी बसले होते. एक जुनी, उतरलेली कादंबरी होती, तिची बांधणी मधोमध सुटून दोन तुकडे झाले होते. पुढचा तुकडा काकांच्या हातात, मागचा काकूंच्या. काका पुढून वाचत येत होते, काकू मागून.

"जय भीम काका, निघाली मी," मी म्हटलं.

काकांनी मान वर न करता एक बोट उभं केलं. थांब.

"तुमच्याकडं तो सदाशिव कसा माणूस हाये?" काकूंनी विचारलं.

"कोन सदाशिव? इथं अजून कोनीच आलं नाई. निरा पाऊस पडून राह्यला."

"माह्याकडं तो मेला. लय लोकं रडले. चांगला असन."

"सांगू नको नं आधीच."

"सांगाचं काय त्याच्यात. तो आला की नीट पाहून घेजा, एवढंच म्हन्ते."

काकांनी आपला तुकडा मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात बस आली आणि मी चढले. खिडकीतून पाहिलं, तर काका पुस्तक तोंडाजवळ धरून, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. पानावरचा पाऊस अजून पडतच असावा. त्यांनी पान उलटलं नव्हतं.